पार्लरला एक स्टार मिळाला: उत्तर काय लिहायचं, रिव्ह्यू कधी निघतो, पैसे कधी परत करायचे

प्रश्न थोडक्यात असा: स्वतःचं छोटं पार्लर, हाताखाली दोघी, गूगलवर ४० रिव्ह्यू आणि रेटिंग ४.८. एका ग्राहक बाईंनी एक स्टार देऊन लिहिलंय, "स्मूदनिंगनंतर केस तुटायला लागले, पैसे वाया, कुणी जाऊ नका." उत्तर द्यावं का? रिव्ह्यू काढून टाकता येतो का? पैसे परत करावेत का?

(स्मूदनिंग म्हणजे केस सरळ, मऊ करणारी केमिकल ट्रीटमेंट.) उत्तर द्यायचंच. पण वाचल्या वाचल्या नाही, आणि आठवडा उलटल्यावरही नाही. २४ ते ४८ तास हा बरा काळ. तेवढ्या वेळात तीन कामं उरकायची असतात.

आधी रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट घ्या. नाव, तारीख, मजकूर, फोटो सगळं त्यात यायला हवं. लिहिणाऱ्याला मजकूर कधीही बदलता येतो. तुमचं उत्तर जुन्या मजकुराला असतं आणि वर नवाच मजकूर दिसत राहतो, मग तुम्हीच काहीतरी भलतं बोलताय असं वाटतं.

मग ती ग्राहक नक्की कोण ते शोधा. प्रोफाइलवरचं नाव आणि अपॉइंटमेंटच्या वहीतलं नाव जुळेलच असं नाही, म्हणून सर्व्हिसवरून शोधा आणि मागचे दोन-तीन आठवडे तरी चाळा. आपल्या धंद्यातल्या बऱ्याच तक्रारी त्या दिवशी दिसतच नाहीत. हेअर कलरमधल्या पीपीडीची (गडद रंग देणाऱ्या रसायनाची) अ‍ॅलर्जी साधारण २४ ते ७२ तासांनी उठते. स्मूदनिंगचे केस पहिल्या काही धुण्यांनंतर तुटायला लागतात. जेल नेलपेंट आठवड्याने कडेने उचलतं. केमिकल पीलनंतरची (चेहऱ्यावरच्या त्वचेचा वरचा थर काढण्याच्या ट्रीटमेंटनंतरची) सालं तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघतात. मायक्रोब्लेडिंगच्या (बारीक सुयांनी रंग भरलेल्या) भुवया पहिला आठवडा फारच गडद दिसतात, खपली पडल्यावर त्या फिकट होतात. शेवटच्या दोन गोष्टी तर ठरल्याप्रमाणेच होत असतात. त्यांच्यावर रिव्ह्यू आला, तर ग्राहकाला आधी नीट सांगितलं गेलं नव्हतं एवढं नक्की.

तिसरं काम म्हणजे ज्या मुलीने ती सर्व्हिस केली तिच्याशी बोलणं. एकटीशी, खुर्चीवर ग्राहक नसताना. चारचौघांत विचारलंत की ती स्वतःला वाचवणारं उत्तर देईल. तुम्हाला हवी असते ती माहिती: क्रीम किती मिनिटं ठेवलं, प्रेसिंगला मशीन किती तापमानावर होतं, न्यूट्रलायझर किती वेळ होता, आधी कलर किंवा ब्लीच झालं होतं का.

एवढं झालं की तक्रार कुठल्या जातीची आहे ते ठरवा, कारण पुढचा रस्ता त्यावरच फुटतो. इजा झाली आहे, रिझल्ट आवडला नाही, दर-वेळ-वागणूक यांवरून राग आहे, की ही व्यक्ती तुमच्याकडे आलेलीच नाही?

इजेची तक्रार असेल तर लिहिण्याआधी फोन. भाजणं, फोड, डोळ्यांभोवती सूज, टाळूला जखम यातलं काही असेल तर ताबडतोब त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगा. चेहरा किंवा ओठ सुजतायत, श्वासाला त्रास होतोय असं कळलं तर थेट इमर्जन्सीत. तुम्ही स्वतः कुठलंही मलम सुचवू नका, घरगुती उपायही नको. पुढे बिघडलं तर तो सल्ला तुमच्या नावावर जमा होतो. वापरलेली बाटली किंवा ट्यूब फेकू नका. बॅच नंबर लिहून ठेवा, ते उत्पादन तात्पुरतं बाजूला काढा आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांना कळवा. व्यवसायाचा विमा असेल तर "चूक आमचीच" असं लेखी देण्याआधी विमा कंपनीला सांगा. काही पॉलिसींमध्ये तशी अटच असते.

तुमच्या प्रश्नातली केस तुटण्याची तक्रार याच गटात येते, फक्त इथे आधी एक गोष्ट तपासावी लागते: केस तुटतायत की गळतायत? ग्राहकाला दोन्ही सारखंच वाटतं. गळालेल्या केसाच्या मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरट गाठ असते आणि केस पूर्ण लांबीचा असतो. तुटलेल्या केसाला गाठ नसते, तुकडे लहान-मोठे असतात आणि डोक्यावर आखूड केस उभे राहिलेले दिसतात. मुळापासूनची गळती बरेचदा दोन-तीन महिन्यांपूर्वीचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा कडक डाएट यांमुळे असते. स्मूदनिंगशी तिचा संबंध असेलच असं नाही. मधूनच तुटत असतील तर कारण बहुधा आपल्या खुर्चीत सापडतं. ब्लीच झालेल्या किंवा आधी स्ट्रेट केलेल्या लांबीवर पुन्हा क्रीम फिरवलं गेलं, क्रीम जास्त वेळ राहिलं, किंवा नाजूक केसांवर मशीन २३० अंशांना लावलं. थायोग्लायकोलेटच्या क्रीमने केसातले बंध मुद्दाम तोडलेले असतात आणि न्यूट्रलायझर ते पुन्हा जोडतो. तो घाईत धुऊन टाकला तर केस अर्धवट जोडलेलेच राहतात. आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर (केस सरळ करणारं दुसऱ्या जातीचं केमिकल) झालेल्या केसांवर थायोचं क्रीम लावलं तर केस हातात येतात, तिथे कौशल्याचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून फोनवर निकाल देऊ नका, बघायला बोलवा. आणि बघून गळतीच असल्याचं कळलं तरी ते रिव्ह्यूखाली पुरावा म्हणून लिहू नका. समोर बसवून, केस हातात धरून दाखवा.

आता उत्तराचा मजकूर. तो कोण वाचणार हे डोक्यात पक्कं असलं की अर्धं काम होतं. रागावलेली ग्राहक तो एकदा वाचेल. पुढचं वर्षभर तो वाचतील त्या बाया, ज्यांना स्मूदनिंग करायचंय आणि ज्या सगळ्यात कमी स्टारचे रिव्ह्यू मुद्दाम उघडून बघतायत. त्यांना एवढंच ताडायचं असतं की माझ्या बाबतीत बिघडलं तर ही मालकीण कशी वागेल.

नेहमी लिहिलं जातं ते असं: "आम्ही बारा वर्षं या व्यवसायात आहोत, आजवर एकही तक्रार नाही. तुमचे केस आधीच खराब होते, तरी आम्ही समजावलं होतं." यातलं शेवटचं वाक्य कदाचित शंभर टक्के खरं असेल. पण वाचणारी त्यातून काय घेते? यांना केस खराब दिसले होते आणि तरीही यांनी स्मूदनिंग केलं. स्वतःच्या बचावाला लिहिलेलं वाक्य स्वतःवरच उलटतं.

दुसरा नमुना: "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया आमच्याशी संपर्क साधा." एकदा ठीक. पाच रिव्ह्यूंखाली तेच वाक्य चिकटवलेलं दिसलं की त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं होतं असं वाटतं.

तुमच्या बाबतीत मी असं लिहायला सांगेन:

"नमस्कार. स्मूदनिंगनंतर केस तुटत आहेत हे वाचून वाईट वाटलं. केस प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कारण सांगणं योग्य होणार नाही, म्हणून तुम्हाला फोन केला होता. या आठवड्यात तुमच्या सोयीने या, मी स्वतः बघेन. तपासणीचे आणि ट्रिमचे पैसे घेणार नाही. तोपर्यंत स्ट्रेटनर, गरम ड्रायर आणि कलर टाळा." खाली तुमचं नाव आणि "मालक".

पाच वाक्यं, यापेक्षा लांबवू नका. पहिल्यांदा तक्रार तिच्याच शब्दांत आली, म्हणजे वाचल्याचं दिसलं. चूक मान्यही केलेली नाही आणि झटकलेलीही नाही. "फोन केला होता" हे खरंच केला असेल तरच लिहायचं. नंबर सापडला नसेल तर "कृपया पार्लरच्या नंबरवर मला फोन करा". मालकाने स्वतः बघण्याचा शब्द आहे. आणि शेवटचा सल्ला तिच्या आजच्या उपयोगाचा आहे. वाचणाऱ्या इतरांनाही त्यातून तुम्हाला विषय कळतो हे दिसतं. उत्तरात पार्लरचं नाव आणि "उत्तम स्मूदनिंग" वगैरे शब्द पेरू नका. सर्चसाठी असं करा म्हणून सांगणारे भेटतात, पण तक्रारीखाली जाहिरात फार वाईट दिसते.

इथे एक सक्त मनाई. खुर्चीत बसल्यावर बायका आपल्याला पुष्कळ काही सांगतात: दिवस गेलेत, थायरॉइड आहे, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत, केमो झालीय. टाळूत उवा किंवा फंगस आपल्याला दिसतंच. यातला एक शब्दही उत्तरात यायला नको, तुमची बाजू त्याने कितीही भक्कम होत असली तरी. तिने स्वतः रिव्ह्यूत न लिहिलेली सर्व्हिसही लिहू नका. आधी-नंतरचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पांचे स्क्रीनशॉट टाकू नका. असं उत्तर वाचून बाकीच्या ग्राहकांच्या मनात एकच येतं, उद्या माझंही असंच चव्हाट्यावर आणतील.

गूगलवर एका रिव्ह्यूला मालकाचं एकच उत्तर असतं, पण ते नंतर बदलता येतं. त्याचा उपयोग करा. बाई आल्या, बोलणं झालं, मार्ग निघाला की त्याच उत्तराच्या शेवटी एक ओळ जोडा: "भेट झाली, पुढचं दोघींनी मिळून ठरवलं आहे. वेळ काढून आल्याबद्दल आभार." तपशील नको. त्यांनी चिडून मजकूर वाढवला तर मात्र शब्दाला शब्द लावत बसू नका. नवा मुद्दा खरंच असेल तर उत्तर दुरुस्त करा, नसेल तर तसंच राहू द्या.

पैशांचं बघू. कामात चूक उघड दिसत असेल, म्हणजे कलर ठिगळासारखा लागलाय, भुवया वर-खाली झाल्यात, दोन दिवसांत नेल उचललंय, तर फुकट दुरुस्ती किंवा पैसे परत, आणि निवड ग्राहकाची. पुन्हा तुमच्याच हाताखाली बसण्याची भीती वाटत असेल तर तिला आग्रह करू नका. त्वचेला इजा झाली असेल तर दुरुस्ती हा पर्यायच नाही. त्या जागेला हात लावायचा नाही, पैसे परत करायचे. तुटलेल्या केसांवर पुन्हा केमिकल नाही. ट्रिम, कंडिशनिंग आणि परतावा, एवढंच. काम ठरल्याप्रमाणे झालंय पण आवडलं नाही, अशा वेळी एकदा टोन किंवा कट सुधारून द्या आणि तिथे थांबा. दर आठवड्याला नवीन छटा मागणारी ग्राहक पैसे परत घेऊन गेलेली स्वस्त पडते.

परतावा किती, कधी, कशाबद्दल हे मेसेजमध्ये लिहून द्या. आणि "रिव्ह्यू काढलात तर पैसे देते" हे वाक्य तोंडीसुद्धा नको. रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी आमिष दाखवणं गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट मूळ रिव्ह्यूपेक्षा जास्त फिरतो. पैसे बिनशर्त द्या. समाधान झालं तर बऱ्याच जणी आपणहून मजकूर बदलतात, काही बदलत नाहीत. त्यांची मर्जी.

दर, वेळ आणि वागणुकीच्या तक्रारींवर फार लिहायला नको. खरं असेल तर सरळ कबूल करा आणि काय बदललं ते एका वाक्यात सांगा. उदाहरणार्थ ग्लोबल कलर, म्हणजे सगळ्या केसांना एकच रंग: "ग्लोबल कलरचा दर केसांच्या लांबीवर आणि दाटपणावर ठरतो, हे सुरू करण्याआधी सांगायला हवं होतं, आता आम्ही आकडा आधी लिहून दाखवतो." स्टाफचं नाव उत्तरात घेऊ नका, ग्राहकाने घेतलं असलं तरी. पण तीन रिव्ह्यूंत ताटकळण्याचा विषय आला तर उत्तरं सुधारून काही होणार नाही. अपॉइंटमेंट फार खेटून दिल्या जातायत. ग्लोबल कलरला तीन तास लागत असताना वहीत दोनच धरले असतील, तर संध्याकाळपर्यंत प्रत्येक ग्राहक तुमच्यावर वैतागलेली असणार.

रिव्ह्यू काढून टाकण्याबद्दल. "हे खोटं आहे" किंवा "अतिशयोक्ती आहे" म्हणून गूगल रिव्ह्यू काढत नाही. दोघांत खरं कोण हे ते ठरवतच नाही. तुमच्या ग्राहक बाईंचा रिव्ह्यू निघणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. निघतो तो धोरण मोडणारा मजकूर: प्रत्यक्ष अनुभव नसताना लिहिलेला, शेजारच्या स्पर्धकाने किंवा काढून टाकलेल्या स्टाफने लिहिलेला, शिवीगाळ, धमकी, जातधर्मावरून द्वेष, कुणाचा फोन नंबर किंवा खासगी माहिती, जाहिरात, विषयाशी संबंध नसलेला मजकूर. रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांवरून रिपोर्ट करा आणि कारण नेमकं निवडा. स्पर्धकाच्या रिव्ह्यूला "शिवीगाळ" निवडलंत तर तो रिपोर्ट नाकारला जाणारच. निर्णयाला काही दिवस लागतात. नाकारला तर गूगलच्या रिव्ह्यू व्यवस्थापनाच्या पानावरून एकदा अपील करता येतं. ते एकदाच असतं, म्हणून तारखा, नोंदी आणि स्क्रीनशॉट जमवून मगच करा.

तोवर खाली उत्तर असू द्या: "या नावाने किंवा या सर्व्हिसची नोंद आम्हाला सापडली नाही. वेगळ्या नावाने आला असाल तर तारीख कळवा, लगेच बघते." "फेक" हा शब्द टाळा. तुमची नोंद चुकलेली असू शकते, आणि खऱ्या ग्राहकाला खोटं ठरवण्याइतकं वाईट उत्तर दुसरं नाही. एका रात्रीत आठ-दहा अनोळखी एक स्टार आले तर प्रत्येक वेगळा रिपोर्ट करा, पण दहांशी वाद घालू नका. "पैसे द्या, काढतो" असा मेसेज आला तर देऊ नका. संभाषण जपा, गूगलकडे आणि पोलिसांकडे द्या. एकदा दिलेत की यादीत तुमचं नाव लागलं.

फेसबुक पेजवर रिव्ह्यू बंद ठेवायची सोय आहे, पण त्यात चांगलेही दिसेनासे होतात. गूगलवर ती सोय नाही. प्रोफाइल तुमच्या अकाउंटमधून काढून टाकली तरी मॅपवरची जागा आणि तिथले रिव्ह्यू राहू शकतात, फक्त उत्तर द्यायचा हक्क तुम्ही गमावता. इन्स्टाग्रामवरची कमेंट डिलीट करता येते. शिवी असेल तर जरूर करा, तक्रार असेल तर उत्तर द्या. तक्रार पुसली की ती स्टोरी होऊन परत येते, आणि वर "माझी कमेंट उडवली" हेही.

रेटिंगचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा, भीती कमी होते. ४० रिव्ह्यू आणि ४.८ असताना एक स्टार आला तर सरासरी ४.७ होते. १० रिव्ह्यू असते तर साधारण ४.५ वर आली असती; २०० असते तर दिसणारा आकडा हललाच नसता. पण भरपाईचा हिशोब तिन्ही ठिकाणी एकच: नेमकी ४.८ ची सरासरी परत मिळवायला एका एक-स्टारमागे १९ पाच-स्टार लागतात, कारण एक स्टार ३.८ चा खड्डा करतो आणि प्रत्येक पाच-स्टार ०.२ ची भर घालतो. म्हणजे महिन्याला सहा-सात खरे रिव्ह्यू येत असतील तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही मूळ जागी.

ते खरेच हवेत. बहीण, मैत्रीण, स्टाफ यांच्याकडून एका दिवसात वीस पाच-स्टार टाकून घेतलेत, तर गूगल ते गाळतं. शिवाय प्रोफाइलवर नवे रिव्ह्यू घेणं काही काळ थांबवू शकतं आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना सगळ्यांना दिसेल अशी लावू शकतं. रिव्ह्यूच्या बदल्यात फ्री थ्रेडिंग किंवा सवलत नको. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच लिंक पाठवणंही धोरणात बसत नाही, लिंक सगळ्यांना जायला हवी.

लिंकच्या आधी एक साधा मेसेज जाऊ द्या. फेशियल-वॅक्सिंगनंतर दुसऱ्या दिवशी, कलर-स्मूदनिंगनंतर पहिल्या धुण्याच्या सुमारास: "केस कसे वाटतायत? काही खटकतंय का?" तक्रार असली तर ती इथे येते, आणि इथली तक्रार एका ट्रिममध्ये मिटते. लिंक मग दोन-चार दिवसांनी, उत्तर काहीही आलं असलं तरी.

वर जिथे जिथे "नोंद बघा" म्हटलं ते शक्य व्हायला ग्राहकाचं कार्ड लागतं. छापील नको, वहीचं एक पानही चालतं. मागच्या वर्षभरात कलर, मेंदी, ब्लीच, स्ट्रेटनिंग काय काय झालं; मुरुमांसाठीचं रेटिनॉइड क्रीम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, कारण अशा त्वचेवर वॅक्स केलं तर साल निघून येते; पॅच टेस्ट (अ‍ॅलर्जी बघायला त्वचेवर थोडा कलर लावून बघणं) कधी आणि कुठे केली. ती कलरच्या ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. मग स्ट्रँड टेस्टचा (एका बटेवर आधी करून बघण्याचा) निकाल, डेव्हलपरचा (कलरमध्ये मिसळायच्या द्रावणाचा) व्हॉल्यूम म्हणजे तीव्रता, मिनिटं, बॅच नंबर, सांगितलेला दर, एकाच उजेडातले आधीचे आणि नंतरचे फोटो, खाली सही. पाच मिनिटांचं काम आहे. स्टाफ कंटाळा करतो, गर्दीच्या दिवशी हमखास टाळतो, आणि वाद नेमका त्याच दिवसाचा निघतो.

शेवटी एक प्रकार असा आहे की त्याला वरचं काहीच लागू होत नाही. रिव्ह्यूत चोरीचा, विनयभंगाचा किंवा कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा असल्याचा आरोप असेल, तर उत्तर लिहायच्या आधी वकिलाशी बोला, मग त्यात दोन दिवस गेले तरी चालेल. सीसीटीव्हीचं त्या तारखेचं रेकॉर्डिंग मात्र त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करून घ्या. जागा भरली की यंत्र जुनं आपोआप पुसून टाकतं.